पिसू आणि कफन

पोचल्या पोचल्या तुम्हाला पिसू चावते. डाव्या पोटरीवर, लोकरी मोज्याच्या आत. १६१८ चा नोव्हेंबर, लंडन, लिंकन्स इन. वकिली शिकणाऱ्या पोरांच्या या खोल्या. जनावराच्या चरबीच्या मेणबत्तीचा करपट वास, दगडी कोळशाचा धूर. त्यात एक पोरगा मान मोडून वहीत काहीतरी उतरवून घेतोय. पिसाची लेखणी करकरते, मध्येच अडते, तो टोक तासतो आणि पुन्हा सुरू.

खांद्यावरून डोकावा. कविता पिसवेवरचीच आहे. प्रियकर बाईशी वाद घालतोय की या पिसवेनं दोघांचंही रक्त प्यायलंय, तेव्हा तिच्या पोटात आपलं लग्न लागूनच गेलं. पिसू हीच शेज आणि पिसू हेच देऊळ. तिला चिरडणं म्हणजे हत्या तर आहेच, शिवाय देवस्थान विटाळल्याचं पाप. बाई काही ऐकत नाही, नखानं पिसू मारते. वकील त्यातूनही मुद्दा काढतो! पोरगा खुदकन हसतो.

ही कविता कुणाची ते त्याला पक्कं ठाऊक आहे. उद्या रविवार. सकाळी इथल्याच चॅपेलमध्ये प्रवचनाला उभा राहणारा माणूस तोच, रेव्हरंड जॉन डन, वय ४६. तोही कधीकाळी इथला विद्यार्थी होता. या प्रेमकविता छापलेल्या नाहीत. त्या अशाच वहीतून वहीत फिरतात. पुस्तक निघेल ते १६३३ मध्ये, कवी जाऊन दोन वर्षं झाल्यावर.

पोरगा पान उलटतो. आता थडग्याची कविता. कुणीतरी कबर उकरतं आणि हाडाच्या मनगटाभोवती चमकत्या केसांचं कंकण सापडतं. कयामतीच्या दिवशी जो तो जीव आपापल्या देहाचे तुकडे गोळा करत फिरेल, तेव्हा प्रेयसीला आपल्या केसांसाठी या कबरीपाशी यावंच लागेल. तेवढीच घटकाभर भेट. मग कवी वाकडं हसून पुढं म्हणतो की एखाद्या चुकीच्या भक्तीच्या देशात हे सापडलं, तर लोक आपल्या अस्थी बिशपकडे नेतील आणि आपली पूजा मांडतील.

पोरगा भराभर उतरवतो. तुम्ही मात्र इथं थांबा, कारण हाडांची ही थट्टा फुकटची नाही.

इंग्लंडातल्या देवळांतून संतांची हाडं केव्हाच बाहेर फेकली गेलीत. कँटरबरीचं संत बेकेटचं समाधिस्थान तर १५३८ मध्येच फोडलं. डनचं घर जुन्या, कॅथलिक धर्माचं. आई सर थॉमस मोरच्या बहिणीची नात; मोरचं डोकं राजानं उडवलेलं. मामा जॅस्पर हेवूड जेझुइट, तुरुंग भोगून हद्दपार झालेला. धाकटा भाऊ हेन्री १५९३ मध्ये पकडला गेला तो खोलीत एका पाद्र्याला थारा दिला म्हणून, आणि न्यूगेटच्या तुरुंगात तापानं मेला. त्या काळी जेझुइटानं इंग्लंडात नुसतं पाऊल ठेवणं हा राजद्रोह होता. (याच पिढीतला एक इंग्रज जेझुइट आपल्या ओळखीचा आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्याला पोचला आणि त्यानं मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचलं. तुम्ही या खोलीत उभे आहात त्याच्या दोनच वर्षं आधी, १६१६ मध्ये, ते रायतूरला छापून निघालं.)

डन स्वतः पुढं सरकारी चर्चमध्ये गेला, १६१५ मध्ये पाद्री झाला. पण देवळातून हाकललेल्या संतांना त्यानं प्रेमकवितेत बिऱ्हाड दिलं, असं मला वाटतं. एका कवितेत तर तो प्रेमिकांच्या जोडीलाच संतपद देऊन टाकतो. दीडशेएक वर्षांनी समीक्षक डॉ. जॉन्सन डनसारख्या कवींना ‘मेटाफिजिकल’ म्हणून नाक मुरडेल, की हे भलत्याला भलतं जुंपतात. जॉन्सनचा भाऊ न्यूगेटात मेला नव्हता.

आणि प्रेम तरी कुठं उजळ माथ्यानं करता आलं? १६०१ च्या डिसेंबरात डननं, ज्या घरी नोकरीला होता तिथल्या मालकिणीची भाची अ‍ॅन मोर हिच्याशी चोरून लग्न केलं. ती सतरा वर्षांची. सासरा खवळला, नोकरी गेली आणि नवरदेव फ्लीटच्या तुरुंगात. लग्न कायदेशीर ठरलं, पण त्यापुढची कितीतरी वर्षं ओढगस्तीची. बारा बाळंतपणं. बारावं मूल मेलेलंच जन्मलं आणि पाच दिवसांनी, १५ ऑगस्ट १६१७ ला, अ‍ॅन गेली. तेहेतीस वर्षांची. म्हणजे तुम्ही आलात त्याच्या सव्वा वर्ष आधी.

तिच्यावरचं सुनीत या पोराच्या वहीत नाही. ते रोलंड वुडवर्ड नावाच्या मित्रानं उतरवून ठेवलेल्या एकाच हस्तलिखितात टिकलंय. त्यात डन म्हणतो की ती गेली आणि मन देवाकडे लागलं. तिच्यामुळेच तर देवाचा शोध लागला होता. पण तहान भागत नाही. आणि देव असा मत्सरी प्रियकर की भक्ताचं प्रेम संतांकडे, देवदूतांकडे जाईल या धास्तीनंही तो अस्वस्थ.

देव प्रियकर असणं आपल्याला नवीन नाही. विरहिण्या आणि गौळणी कानांवरून गेलेल्या असतात. देवाशी भांडणही तुकोबांमुळे घरचं. तरी डनच्या दुसऱ्या एका सुनीतापाशी आपणही बिचकतो. तिथं तो स्वतःला शत्रूनं बळकावलेलं शहर म्हणवतो आणि देवाला सांगतो की वेशी फोड, शत्रूशी झालेली सोयरीक मोड, माझ्यावर बळजबरी कर, त्याशिवाय मी पवित्र होणार नाही. पिसवेच्या कवितेतला वकीलच हा. तिथं शेजेला देऊळ म्हणाला होता, इथं देवळात शेज घालतो.

सकाळ व्हायच्या आत बारा वर्षं ओलांडा.

मार्च १६३१. सेंट पॉल कॅथेड्रलच्या डीनचं घर. अभ्यासिकेत लोणारी कोळशाच्या शेगड्या पेटवल्यात, कारण म्हातारा कपडे उतरवणार आहे. डन नऊ वर्षांपासून इथला डीन. गेल्याच महिन्यात व्हाइटहॉलला राजापुढं मरणावर प्रवचन करून आलाय. ऐकणाऱ्यांना वाटलं, हा स्वतःच्याच मर्तिकाचं बोलतोय. सुताराकडून लाकडी कुंभ करून आणलाय आणि त्याच्याच उंचीची एक फळी. तो कफन गुंडाळतो. डोक्यावर एक गाठ, पायांशी एक. तोंडापुरतं कापड बाजूला सारतो, कुंभावर उभा राहतो, डोळे मिटतो. चितारी फळीवर रेघा ओढू लागतो. चरित्रकार आयझॅक वॉल्टननं हे सगळं लिहून ठेवलंय. चित्र पुढं पलंगाशेजारी राहील, आणि ३१ मार्चला माणूस जाईल.

त्यावरून संगमरवरी पुतळा घडवणारा निकोलस स्टोन. १६६६ च्या आगीत जुनं सेंट पॉल जळेल, पुतळा वाचेल. कुंभावर काजळीचे डाग आजही आहेत. याच स्टोननं अ‍ॅनचंही स्मारक केलं होतं, सेंट क्लेमेंट डेन्सच्या चर्चमध्ये. ते चर्च पुढं पाडून नवं बांधलं, स्मारक नाहीसं झालं. डनच्या हातचा लॅटिन मजकूर तेवढा कागदावर उरलाय. त्यात त्यानं वचन दिलंय की देवाची मर्जी असेल तर माझी राख इथंच तिच्या राखेशी नव्यानं लग्न लावेल.

त्याला पुरलं सेंट पॉलमध्ये.

शेगडीतला कोळसा तडतडतो. कफनातून बाहेर आलेला तो निमुळता, पांढराफटक चेहरा त्यानं मुद्दाम पूर्वेकडे केलाय, कारण येशू पुन्हा येईल तो तिकडून. सेंट क्लेमेंट डेन्स इथून अर्ध्या-पाऊण मैलावर आहे, पश्चिमेला.