सरपणाचे पैसे

जपानच्या ईशान्येला, इवाते प्रांतातल्या हानामाकी शहरामागच्या डोंगरांत ओसावा आणि नामारी अशी गरम पाण्याच्या झऱ्यांची दोन ठिकाणं आहेत. दोन्हीकडे जुन्या लाकडी इमारती आहेत आणि दोन्हीकडे उतरण्याची सोय दोन तऱ्हांची आहे. एक ऱ्योकान म्हणतात तशी. तिथे जेवण, बिछाना, पाहुणचार, सगळं यजमानाकडे. दुसरी ‘जिसुई’, म्हणजे ज्याने त्याने आपापलं रांधून खायचं. या दुसऱ्या भागात खोलीचं भाडं वेगळं, गादीचं वेगळं, युकाता हा सुती झगा हवा तर त्याचं वेगळं. ओसावाच्या सामाईक स्वयंपाकघरात भांडीकुंडी मांडून ठेवलेली असतात. गॅसच्या शेगडीत दहा येनचं नाणं टाकलं की काही मिनिटं जाळ मिळतो. तो विझला आणि भात शिजायचा राहिला, तर आणखी एक नाणं.

बाहेरून येणाऱ्याला हा भाग म्हणजे ऱ्योकानची स्वस्त आवृत्ती वाटते. सरकणारी पातळ दारं, करकरणारी लाकडी वाट, शेजारच्या खोलीतला खोकला ऐकू येणं, या सगळ्याला तो गरिबी तरी समजतो किंवा मुद्दाम जपलेला साधेपणा तरी. पण गरम झऱ्यांच्या गावांपुरतं बोलायचं तर हे थोरलं घर आहे. एका रात्रीच्या मुक्कामाची, दोन वेळच्या जेवणाची सोय हा त्याचा धाकटा भाऊ. आणि दोघांत फरक पडला तो पैशामुळे कमी, मुक्कामाच्या लांबीमुळे जास्त.

झऱ्यांवर माणसं जमत होती हे फार जुनं. इझुमो प्रांताच्या 733 सालच्या नोंदग्रंथात तामात्सुकुरीच्या झऱ्याचं वर्णन आहे. एकदा न्हालं की रूप उजळतं, पुन्हा न्हालं की सगळे रोग जातात, म्हणून लोक त्याला देवाचं पाणी म्हणतात, असं त्यात सांगितलं आहे. बायका-पुरुष, म्हातारे-लहान रोज तिथे लोटतात, बाजार भरतो, खाणंपिणं चालतं, असंही नोंदलं आहे. औषध आणि जत्रा एकाच जागी. पण माणसं राहत कुठे, याचा स्पष्ट धागा पुढे आरिमात सापडतो. कोबेमागच्या डोंगरातल्या या गावाची परंपरा सांगते की 1191 मध्ये निन्साई नावाच्या भिक्षूने उजाड झालेले झरे पुन्हा वापरात आणले आणि आपल्याबरोबर आलेल्या बारा कुटुंबांकडून बारा उतारघरं चालू करवली. या घरांच्या नावांत ‘बो’ हा मठातल्या निवासाचा शब्द होता. आजही आरिमातल्या काही नामांकित ऱ्योकानांच्या नावांत तो आहे. म्हणजे उतारघराची मूळ कल्पना मठातून आली. झोपायला जागा मिळेल, शिस्त पाळा, आपलं आपण बघा.

बरं होण्यासाठी झऱ्यावर असं राहण्याला ‘तोजी’ म्हणतात, आणि तिचं माप सात दिवसांचं. सात दिवसांचा एक फेरा, आणि पुरं बरं व्हायचं तर तीन फेरे, एकवीस दिवस. देशाचा लष्करी सत्ताधीश, शोगुन तोकुगावा इएयासू 1604 मध्ये आतामीच्या झऱ्यांवर गेला तो सात दिवस राहिला. पुढे शोगुनांना जाणं जमेना, तेव्हा आतामीचं पाणी पिंपांत भरून एदो या त्यांच्या राजधानीतल्या किल्ल्यात नेलं जाऊ लागलं. 1713 मध्ये काइबारा एक्केन या ऐंशी ओलांडलेल्या विद्वानाने आरोग्यावर ‘योजोकुन’ हा ग्रंथ लिहिला. त्यातही तोजीसाठी एक किंवा दोन सप्ताह सांगितले आहेत. धडधाकट रोग्यानेसुद्धा दिवसरात्रीत तीनदापेक्षा जास्त पाण्यात उतरू नये, अशक्ताने एकदा-दोनदाच. क्योतोचा वैद्य गोतो कोन्झान (1659 ते 1733) तर सगळा रोग शरीरातल्या प्राणशक्तीच्या तुंबण्यातून होतो असं मानायचा. गरम झऱ्याचं स्नान, अस्वलाचं पित्त आणि डागणी या तीन उपायांवर त्याची एवढी भिस्त होती की लोकांनी त्या तिन्हींचं मिळून त्याचं टोपणनावच पाडलं. त्याचा शिष्य कागावा शुआन याने 1738 मध्ये आपल्या ग्रंथात किनोसाकीच्या पाण्याचा मोठा गौरव केला.

एकवीस दिवसांना कारण होतं. तोजीवाले सांगतात की तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या सुमारास अंग मोडून येतं, भूक मरते, कुणाकुणाचं दुखणं उलट वाढतं. याला ‘युआतारी’ म्हणतात. तेव्हा न्हाणं कमी करायचं, पडून राहायचं, आणि ते ओसरलं की पुन्हा पाण्यात उतरायचं. ही अवस्था मधे धरूनच मुक्काम आखलेला असे.

आता हे गणित शेतकऱ्याच्या बाजूने मांडून बघा. शोगुनांच्या या एदो काळात गाव सोडायला परवान्याचा कागद लागे. सामान्य माणसाला तो सहज मिळण्याची कारणं मुख्यतः दोनच, देवदर्शन आणि आजारपणातलं स्नान. ईशान्येकडच्या भातशेतीच्या मुलखात लावणी आटोपली की, किंवा कापणी-मळणी झाली की, दमलेलं शरीर घेऊन घरची थोरली माणसं डोंगरात जात. हाती रोकड जवळजवळ नाही, आहे तो तांदूळ. एकवीस दिवस रोज दोन वेळा दुसऱ्याच्या हातचं जेवायचं तर वर्षाची कमाई जाईल. म्हणून पाठीवर तांदूळ, मिसो, मुरवलेल्या भाज्या, कधी अंथरूणसुद्धा. वाटेवरच्या उतारगृहांतही तेव्हा दोन जाती होत्या. ‘हातागो’त जेवण मिळे. ‘किचिन’ उतारगृहात प्रवासी आपला शिधा आपण शिजवी आणि मालकाला मुख्यतः सरपणाचे पैसे देई. झऱ्याच्या गावातलं साधं घर या दुसऱ्या जातीचं. पाणी देवाचं, तांदूळ आपला, मग मालकाकडून घ्यायचं काय? छप्पर आणि जाळ. ओसावाच्या शेगडीत पडणारं दहा येनचं नाणं त्या सरपणाच्या पैशांचा थेट वारस आहे, असं मला मनापासून वाटतं.

बेप्पूच्या कान्नावा भागात तर सरपणही लागत नाही. जमिनीतून उसळणारी वाफ दगडी भट्टीत कोंडून तिच्यावर भाजी, अंडी, रताळी शिजवतात, आणि खोली भाड्याने देणाऱ्या घरांच्या अंगणात अशा भट्ट्या आजही आहेत. यामागातातल्या हिजिओरीत बर्फाचे महिने सोडले तर भल्या सकाळी आसपासच्या गावांतल्या आज्या उतारघरांसमोर भाजी, रानभाज्या आणि लोणची मांडून बसतात. तो बाजार वाढला तो याच रांधून खाणाऱ्या गिऱ्हाइकावर.

मग एका रात्रीचा मुक्काम आला कुठून? याचं उत्तर एका तंट्यात आहे.

एदो आणि क्योतो यांना जोडणाऱ्या तोकाइदो या राजमार्गावर ठरावीक टप्प्याची गावं होती. सरकारी वाहतुकीसाठी घोडे आणि हमाल पुरवण्याचा जड बोजा त्यांच्या शिरावर होता. मोबदल्यात वाटसरूंना मुक्कामाला ठेवण्याचा हक्क त्यांचाच. मधल्या गावांना त्याची मनाई होती. ओदावारा आणि हाकोने ही अशी दोन टप्प्याची गावं, आणि त्यांच्या मधे, घाटाच्या पायथ्याशी, युमोतोचे गरम झरे. युमोतोला तोजीची माणसं ठेवायची मुभा होती. तोजीचा माणूस वाटसरू नव्हे, तो सप्ताहाचा रोगी. इथपर्यंत कुणाची तक्रार नव्हती. पण इसेच्या देवळाच्या, फुजी डोंगराच्या यात्रेला गटागटाने निघालेले लोक वाढले. वाटेवर ऊन पाणी आहे म्हटल्यावर ते युमोतोला एकच रात्र थांबू लागले. न्हायचं, खायचं-प्यायचं आणि सकाळी चालू पडायचं. ओदावारा-हाकोनेच्या घरांतल्या गाद्या रिकाम्या पडू लागल्या.

1805 मध्ये दोन्ही गावांनी राजमार्गाच्या अधिकाऱ्यांकडे फिर्याद नेली. युमोतोवाल्यांचं म्हणणं असं की एका रात्रीचं स्नान हीसुद्धा तोजीच. निकाल युमोतोच्या बाजूने लागला.

माझ्या दृष्टीने या कुळकथेतला हा सगळ्यात मोठा वळणबिंदू आहे. फिर्यादी गावांवर अन्याय झाला असंही म्हणता येईल, कारण घोड्यांचा बोजा त्यांच्याकडेच राहिला. पण घरांवर परिणाम याहून खोल झाला. एक रात्र थांबणारा तांदूळ पाठीवर आणत नाही. त्याला चूल नको, ताट हवं. त्याला शेजाऱ्याची ओळख होत नाही, म्हणून जाड भिंत हवी. न्हाण्यासाठी गल्लीतून सामाईक हौदापर्यंत चालत जायचाही त्याला कंटाळा. घरातच हौद हवा, ही मागणी तर पुढे कोर्टात गेली. किनोसाकीत सगळं गाव सामाईक स्नानगृहांवर चालत होतं. 1925 च्या भूकंपात ते जळून पुन्हा उभं राहत असतानाच, 1927 मध्ये एका ऱ्योकानाने आपला आतला हौद बांधला. त्यावरून पेटलेला वाद 1950 मध्ये तडजोड होईपर्यंत चालला. सामाईक स्नानगृहं गावाने टिकवली आणि आजही तिथे पाहुणे युकाता घालून, खडावा वाजवत एका स्नानगृहातून दुसऱ्यात जातात. त्या काळच्या भांडखोर गावकऱ्यांचे आपण आभार मानले पाहिजेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारने तोजी जपायचा प्रयत्न केला. लोकांच्या प्रकृतीसाठीच्या झऱ्यांची खास यादी 1954 मध्ये सुरू झाली. पहिल्या तिनांत शिमा, निक्को-युमोतो आणि आओमोरीच्या डोंगरातलं सुकायू होतं. सुकायूचं न्हाणीघर 160 तातामी चटयांएवढं आहे, सबंध हिबा लाकडाचं, मधे एकही खांब नाही, आणि पाणी लिंबासारखं आंबट. फेब्रुवारी 2013 मध्ये तिथे 566 सेंटिमीटर बर्फ साचल्याचं मोजलं गेलं. एवढ्या हिवाळ्यातही शिजवून खाणाऱ्यांसाठी ते उघडं असतं.

पण वारा उलटा होता. 1961 पर्यंत आरोग्यविमा सगळ्यांना लागू झाला, गुडघेदुखीला डॉक्टर मिळाला. शेतात यंत्रं आली. कंपन्यांच्या सहली बसने निघू लागल्या आणि आतामी, किनुगावा इथे मेजवान्यांचे दिवाणखाने असलेली काँक्रीटची प्रचंड हॉटेलं उठली. एक रात्र, दोन जेवणं, हाच नियम झाला. तेजी संपल्यावर किनुगावाच्या नदीकाठी त्यांतल्या कित्येकांचे सांगाडे उरले. जिसुईची घरं मात्र गाजावाजा न होता एकेक करून बंद झाली. म्हातारे मालक, वारस नाही, गिऱ्हाईकही म्हातारं.

अलीकडे पर्यावरण मंत्रालयाने ‘नवी तोजी’ अशी मोहीम काढली आहे. स्नानाच्या जोडीला चालणं, आसपासचा निसर्ग, स्थानिक खाणं, माणसांच्या गाठीभेटी. हेतू चांगला आहे आणि काही बंद पडायला आलेली घरं त्यामुळे तगतीलही. सप्ताहाचा आग्रह मात्र त्यात नाही. आजच्या नोकरदाराला तो परवडणारा नाही, हे मान्य. पण शनिवारी येऊन सोमवारी निघणाऱ्याला युआतारी येण्याइतका वेळही मिळत नाही, आणि ती ओसरेपर्यंत पडून राहण्याची सोय ज्या खोल्यांत होती, त्या अजून थोड्या शिल्लक आहेत. ओसावात, नामारीत, सुकायूत आठवडाभरासाठी खोली मागितली तर आजही मिळते.