ऑब्जेक्ट स्टोरेज

डेटा साठवण्याची एक पद्धत. फाइलमधला मजकूर, त्याविषयीची टिपणे (मेटाडेटा) आणि 'की' म्हणजे ओळखीचे नाव, हे मिळून एक ऑब्जेक्ट होतो; असे ऑब्जेक्ट 'बकेट'मध्ये राहतात. देवघेव एचटीटीपीवरून चालते. ऑब्जेक्टचा मधलाच तुकडा सहसा बदलता येत नाही, सगळा नव्याने लिहावा लागतो. बकेटमध्ये दिसणारे फोल्डर हा नावातल्या तिरक्या रेघांमुळे होणारा भास आहे.

काल्हेरचा दाखला : भिवंडी तालुक्यात काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ या पट्ट्यात गोदामे आहेत. मुंबईच्या जकात हद्दीबाहेर असल्याने ती इथे फोफावली. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, जकात गेली, गोदामे राहिली. माल टाकणाऱ्याने पावती सांभाळायची. माल कोणत्या थप्पीत लागला ते गोदामवाला पाहतो. 'की' ही तशीच पावती. मात्र कापडाचा गठ्ठा एकाच गाळ्यात असतो, तर ऑब्जेक्टचे तुकडे जादा जोडतुकड्यांसह अनेक डिस्कवर विखुरतात. काही डिस्क गेल्या तरी उरलेल्यांतून तो पुन्हा जुळवता येतो.

इतिहास : अ‍ॅमेझॉनची एस-३ सेवा १४ मार्च २००६ रोजी सुरू झाली. ओपनस्टॅक स्विफ्ट २०१० मधले.

सुसंगतता : या पद्धतीची खरी कथा इथे आहे. प्रारंभी एस-३ मध्ये ऑब्जेक्ट बदलून लगेच वाचला तर कधीकधी जुनी प्रत हाती येई, नवा ऑब्जेक्ट यादीत उशिरा दिसे. म्हणून हडूप या मोठ्या डेटावर काम करणाऱ्या प्रणालीच्या विकासकांनी 'एस-३ गार्ड' नावाची वेगळी खतावणी अ‍ॅमेझॉनच्या डायनॅमोडीबी या डेटाबेसमध्ये ठेवली. डिसेंबर २०२० मध्ये एस-३ ने लिहिलेले तत्काळ दिसण्याची खात्री दिली आणि खतावणीची गरज सरली. ऑगस्ट २०२४ मध्ये 'या नावाचा ऑब्जेक्ट नसेल तरच लिही' अशी अट घालता येऊ लागली. सोय किरकोळ वाटते; पण एकाच वेळी लिहू पाहणाऱ्या दोन संगणकांपैकी हक्क कोणाचा, हे आता बकेटच ठरवू शकते, कुलपासाठी निराळी यंत्रणा लागत नाही.

क्लाउड-नेटिव्ह वापर : कुबरनेटीस या कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीतले पॉड (कंटेनरांचे गट) केव्हाही मरतात, म्हणून टिकाऊ डेटा त्यांच्याबाहेर हवा. पूर्वी बकेटमध्ये बॅकअप आणि छायाचित्रे पडून असत. आता अपाची आइसबर्गसारख्या तक्ता-रचनांमुळे विश्लेषणाचे तक्तेच तिथे नांदतात. गणना करणारे संगणक कामापुरते भाड्याने घेतले जातात.

महाराष्ट्र : मायक्रोसॉफ्ट अ‍ॅझ्युअरचे पुणे केंद्र २०१५ चे, मुंबईत अ‍ॅमेझॉन २०१६ मध्ये, गूगल २०१७ मध्ये आले. ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने पेमेंट व्यवहारांचा डेटा देशातच साठवणे बंधनकारक केले. काल्हेरला जकातीच्या रेषेने माल खेचला, इथे कायद्याच्या रेषेने डेटा.

मुक्त प्रणाली : सेफ, मिनआयओ. मिनआयओने २०२१ मध्ये एजीपीएल हा कडक अटींचा मुक्त परवाना घेतला. त्यावर मतभेद आहेत.

टिकाऊपणा : एस-३ साठी ९९.९९९९९९९९९ टक्के, हा आराखड्याचा आकडा आहे.

आकारणी : साठवणीचे भाडे जीबी-महिन्यावर. डेटा बाहेर नेण्याची हमाली बहुधा वेगळी.