सूत्रधाराचा राक्षस : मराठी रंगभूमीवरील खलपात्राची घडण

भरताच्या नाट्यशास्त्रातील पहिल्या अध्यायात पहिल्याच नाट्यप्रयोगाची कथा येते. प्रयोगाचा विषय देवांचा विजय आणि दैत्यांचा पराभव हा होता. तो पाहून दैत्य संतापले आणि त्यांनी विघ्ने निर्माण करून प्रयोग बंद पाडला. इंद्राने जर्जराने त्यांना झोडपले. परंतु प्रश्न मिटला नाही. अखेरीस ब्रह्मदेवाला दैत्यांची समजूत घालावी लागली : नाट्य हे एकट्या देवांचे नाही, ते त्रैलोक्यातील सर्व भावांचे अनुकीर्तन आहे. नाट्यविचाराच्या आरंभीच खलपक्षाची तक्रार नोंदली जावी आणि तिला उत्तर देणे शास्त्रकाराला आवश्यक वाटावे, ही बाब उपेक्षणीय नाही. 'आमचे चित्रण आम्हाला न विचारता का झाले?' हा दैत्यांचा प्रश्न मराठी रंगभूमीनेही पुढे निरनिराळ्या रीतींनी हाताळला.

औरंगाबादच्या (2023 पासून छत्रपती संभाजीनगरच्या) उस्मानपुरा भागातील रंगमंदिराला पैठणच्या संत एकनाथांचे नाव आहे. ते केवळ आदरापोटी दिलेले नाव मानले, तर त्यातील औचित्य निसटते. नाथांचे भारूड हे मूलतः भूमिका घेऊन बोलणे आहे. जोगी, वासुदेव, महार अशा अनेक मुखांतून ते बोलले. विंचवाच्या भारुडात तर खल बाहेरचा नाहीच. दंश काम-क्रोधांचा आहे आणि तो ऐकणाऱ्याच्याच अंगी चढलेला आहे. दुसरीकडे भागवत परंपरेने हिरण्यकशिपू, रावण, शिशुपाल यांना जय-विजयांचे जन्म मानून त्यांच्या वैरालाही विरोधभक्तीचे स्थान दिले. खल हा उद्धाराच्या व्यवस्थेबाहेर नाही, ही धारणा मराठी मनात छापील नाटकाच्या कितीतरी आधी रुजलेली होती.

1843 साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले, तेव्हा या धारणेतील फारच थोडे रंगमंचावर आले. कथेची पदे सूत्रधार गाई आणि पात्रे प्रसंगानुरूप भाषण स्वयंस्फूर्तीने करीत. लिखित संवादांची संहिता नसे. राक्षसपार्टी तोंडे रंगवून, आरोळ्या ठोकीत, तलवारी परजीत प्रवेश करी. पुढील पिढीने या नाटकांना 'अलल्डुर्र' म्हणून हिणवले, ते या आरोळ्यांवरूनच. मात्र राक्षसाला हेतू नव्हता तो भाव्यांच्या प्रतिभेच्या उणिवेमुळे नव्हे. कथेचा शेवट सूत्रधाराला, नटाला आणि प्रेक्षकालाही ठाऊक होता. ज्याचे मरण ठरलेले आहे, त्याला आपली बाजू मांडण्याची गरज पडत नाही. त्याने केवळ भय उत्पन्न करायचे असते.

कोकणातील दशावतारात याच चौकटीतून वेगळी शक्यता निघाली. तेथेही संहिता नाही, शेवटही ठरलेला आहे. परंतु वेद पळवणारा काळ्या वेशातला, लांब लाल जिभेचा संकासुर मालवणीत बोलतो, गावच्या गोष्टींवर टोमणे मारतो आणि प्रेक्षकांना हसवतो. विष्णू त्याचा वध करतो. पण तोवर रंगमंच त्याचाच असतो. खलाला प्रेक्षकांची भाषा मिळताच त्याच्याविषयीचे भय ओळखीत बदलते.

या चौकटीची तुलना एका अगदी परक्या खेळाशी करता येते. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून खेळायचा कल्पित साहसांचा खेळ प्रसिद्ध केला. त्यात एक जण सूत्रधार असतो. बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने बोलतात आणि निर्णय घेतात. भाव्यांच्या रंगमंचाशी असलेले साम्य उघड आहे. परंतु भेद अधिक बोधप्रद आहे. येथे शेवट कोणालाच ठाऊक नसतो. खेळाडू खलाशी लढतील, तह करतील, की त्यालाच जाऊन मिळतील, हे सूत्रधाराला आधी सांगता येत नाही. अशा वेळी केवळ आरोळी अपुरी पडते. खलाला काय हवे आहे, त्यासाठी त्याच्यापाशी कोणते बळ आहे आणि स्वतःच्या दृष्टीने तो योग्य का आहे, हे ठरलेले नसेल तर खेळाडूंच्या पहिल्याच अनपेक्षित प्रश्नासरशी तो कोसळतो. तात्पर्य, शेवटाची निश्चिती गेली की खलाला हेतू लागतो.

मराठी नाटकात ही निश्चिती दोन दिशांनी ढळली : वर्तमान राजकारणामुळे आणि इतिहासामुळे. कृ. प्र. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'ची (1907) कथा महाभारतातली. परंतु कीचकात प्रेक्षकांनी लॉर्ड कर्झनला ओळखले आणि 1910 साली सरकारने नाटकावर बंदी घातली. पुराणातला कीचक मरतो हे ठाऊक होते. वर्तमानातल्या कीचकाचे काय होणार, हे ठाऊक नव्हते. म्हणूनच हा कीचक गर्जत नाही, तो आपला अधिकार गृहीत धरतो. त्याला मोठे करते ते विराटाचे परावलंबन आणि युधिष्ठिराचा संयम. 'भाऊबंदकी'त (1909) 1773 च्या नारायणरावाच्या खुनाचा विषय येतो. तेथे आनंदीबाई आणि राघोबा घरातलेच आहेत. शत्रू सीमेपलीकडून आलेला नाही.

गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त (1919) घडण आणखी पुढे जाते. तळीराम दुष्ट म्हणावा तर तो विनोदी आहे, मित्र आहे, शिवाय स्वतःच त्या व्यसनाचा बळी आहे. सुधाकराच्या हाती प्याला देताना त्याला कोणताही कट रचावा लागत नाही. अपमानित, बुद्धिमान, अहंकारी माणसाचे दुखणे त्याने नेमके हेरलेले असते. नायकात आधीच असलेल्या फटीतून खल आत येतो, हे नाथांच्या विंचवाशी जुळणारे सूत्र येथे सामाजिक नाटकाच्या रूपात परतले.

तेंडुलकरांनी ते टोकाला नेले. 'शांतता! कोर्ट चालू आहे' (1967) मध्ये एक हौशी मंडळी वेळ घालवण्यासाठी अभिरूप न्यायालयाचा खेळ मांडते. भूमिका वाटल्या जातात. खलाची भूमिका कोणालाच दिलेली नसते. तरीही आरोपी झालेल्या लीला बेणारेभोवती खेळ आवळत जातो आणि न्यायाधीश, वकील, साक्षीदार असे सारे मिळून ती रिकामी जागा भरून काढतात. 'घाशीराम कोतवाल'मध्ये (1972) ही निर्मितिप्रक्रियाच कथावस्तू होते. अपमानाने पेटलेला घाशीराम मुलीच्या मोलाने कोतवाली मिळवतो. नाना त्याला वापरतो आणि वेळ येताच जमावाच्या हवाली करतो. 1791 साली पुण्यात जमावाने कोतवालाला ठेचून मारले, हा इतिहास आहे. त्याला कोणी घडवले, हा नाटकाचा प्रश्न आहे. नाटकाविरुद्ध उठलेले वादळ नानांच्या प्रतिमेवरून होते, ही गोष्ट अर्थपूर्ण ठरते. खलाचा जबाबदार दाखवला की खरा क्षोभ होतो. खल एकटा असेपर्यंत सर्वांचीच सोय असते.

ही सोय केवळ रंगमंचापुरती राहत नाही. 1653 पासून औरंगजेबाचे नाव असलेल्या या शहराला 2023 साली, त्याच्या हुकमाने 1689 मध्ये मारल्या गेलेल्या संभाजीराजांचे नाव मिळाले. जवळच खुलताबादला औरंगजेबाची साधी, उघडी कबर आहे. कानेटकरांचे 'इथे ओशाळला मृत्यू' (1968) या बादशहावाचून उभेच राहू शकत नाही. शतकाच्या चतुर्थांशाइतका काळ दख्खनेत झुंजून 1707 मध्ये नगरला मरण पावलेला हा वृद्ध, हट्टी, क्रूर आणि स्वतःच्या दृष्टीने धर्मनिष्ठ सम्राट मराठी लेखकासमोरचे कदाचित सर्वांत अवघड खलपात्र आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये 'छावा' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. मार्चमध्ये कबर हटवण्याच्या मागणीवरून नागपुरात हिंसाचार झाला. या दोहोंत सरळ कार्यकारणभाव लावणे घाईचे ठरेल. परंतु एवढे निश्चित की, ज्याला हेतू नाही, काळ नाही, राज्यव्यवहार नाही, असा केवळ राक्षस उरलेला औरंगजेब इतिहासातून सहज उचलता येतो आणि कोणाही जिवंत शेजाऱ्याच्या चेहऱ्यावर चिकटवता येतो. हेतू असलेला औरंगजेब मात्र त्याच्या कृत्यांसह त्याच्या काळातच राहतो. त्याला समजून घेणे म्हणजे त्याला क्षमा करणे नव्हे; त्याच्या अपराधाचा धनी तोच आहे, हे पक्के करणे होय.

त्यामुळे खलपात्राच्या घडणीचा प्रश्न तंत्राचा असला तरी तेथेच संपत नाही. सूत्रधाराने राक्षसाला बोलू दिले की नाही, यावर प्रेक्षक आपला राग कोठे घेऊन घरी जातो, हे ठरते. पहिल्या प्रयोगातील दैत्यांची तक्रार ब्रह्मदेवाने इंद्राच्या जर्जरावर सोडली नाही. त्याने त्यांना नाट्यातली त्यांची जागा समजावून दिली आणि मगच प्रयोग पुढे चालू झाला.