इमानाच्या समाध्या

भिलाईच्या सिविक सेंटरमध्ये संध्याकाळी दुकानांचे दिवे लागले म्हणजे एका चहाच्या टपरीपाशी तांबूस रंगाचा एक कुत्रा येऊन बसे. त्याच्या गळ्यात चामड्याचा पट्टा होता. त्यावरून तो रस्त्यावर जन्मलेला नव्हे, हे उघड दिसे. चौकशी करता कळले की, त्याच्या धन्याची बदली झाली होती. ट्रकमध्ये कपाटे चढली, पलंग चढले, तुळशीची कुंडीसुद्धा गवतात गुंडाळून चढली. कुत्रा तेवढा मागे राहिला. धनी ज्या दुकानी रोज येत असे तेथे तो ठरल्या वेळी येई, येणाऱ्याजाणाऱ्यांची पावले हुंगी आणि दुकाने बंद झाली की उठून जाई. गळ्यातील पट्टा दिवसेंदिवस सैल होत चालला होता.

त्या धन्याला दोष देण्याकरिता आम्ही हे लिहीत नाही. आम्हीही बदलीच्या नोकरीतलेच. परंतु त्या कुत्र्याकडे पाहता पाहता इतिहासातील काही कुत्रे आम्हांस आठवू लागले आणि त्यांपैकी पहिला याच मुलखातला निघाला.

बालोद हा आज स्वतंत्र जिल्हा आहे. 2012 सालापर्यंत तो दुर्ग जिल्ह्याचाच भाग होता. बालोदजवळ खपरी नावाच्या खेड्यात कुकुरदेवाचे मंदिर आहे. छत्तीसगढी बोलीत कुकुर म्हणजे कुत्रा. मंदिर फणी नागवंशी राजांच्या काळातले, चौदाव्या-पंधराव्या शतकातले मानतात. गाभाऱ्यात शिवलिंग आहे आणि त्याच्या सान्निध्यात कुत्र्याची मूर्ती. माणसे शिवाला हात जोडतात तशी कुत्र्यालाही जोडतात. प्रदक्षिणा घातल्याने डांग्या खोकला आणि कुत्र्याचा दंश बरा होतो अशी तेथील समजूत आहे. कुत्रा चावलेल्याने आधी लस घ्यावी आणि मग खुशाल प्रदक्षिणा घालावी, एवढेच आम्ही म्हणू.

या स्थानाची कथा अशी सांगतात. एका बंजाऱ्यावर दुष्काळात कर्ज काढण्याची पाळी आली. तारण ठेवावे असे त्याच्यापाशी कुत्र्यावाचून काही नव्हते, म्हणून त्याने तो कुत्राच सावकाराकडे गहाण ठेवला. पुढे सावकाराच्या घरी चोरी झाली. चोरांनी माल तळ्यात दडविला होता. ते कुत्र्याने पाहिले होते. सकाळी त्याने सावकाराला तेथवर ओढीत नेले आणि माल सापडला. सावकाराने संतोषाने कर्ज फिटल्याची चिठ्ठी लिहिली, ती कुत्र्याच्या गळ्यात बांधली आणि त्याला मोकळे केले. कुत्रा धावत धन्याकडे निघाला. बंजाऱ्याने त्याला दुरून पाहिले आणि हा गहाणातून पळून आला, आपला शब्द याने घालविला, असे समजून रागाच्या भरात त्याचा प्राण घेतला. चिठ्ठी मागाहून वाचली. मग त्याने त्या कुत्र्याची समाधी बांधली.

ही कथा इतिहास म्हणून कोणी स्वीकारणार नाही. कुत्र्याची कामगिरी घडून गेल्यावर धन्याने उतावीळपणे त्याला मारावे आणि आयुष्यभर पस्तावावे, अशा कथा देशोदेशी आहेत. आपल्या पंचतंत्रात तेच मुंगसाबद्दल सांगितले आहे. परंतु लोकांना ही कथा शतकानुशतके जतन करावीशी वाटली, हा मात्र इतिहासच होय. आपण मुक्या प्राण्याचा अपराध केला आहे, ही जाणीव येथे दगडात बसविलेली आहे.

आता आपल्या मुलखाकडे वळू. छत्रपती शाहू महाराजांच्या कारकीर्दीत, 1741 साली, नागपूरकर रघूजी भोसल्यांचा सेनापती भास्करपंत रतनपुरावर चालून आला आणि मराठ्यांचा अंमल छत्तीसगढात शिरला. त्याच शाहू महाराजांचा खंड्या नावाचा कुत्रा होता. वाघाच्या शिकारीत त्या कुत्र्याने महाराजांचे प्राण वाचविले. ग्रँट डफने 1826 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात शाहूंच्या कुत्र्याची हकीकत दिली आहे. महाराजांनी त्याला जहागिरीच्या सनदा करून दिल्या आणि पालखीचा मान दिला. इंद्रोजी कदम नावाचा एक सरदार दागिन्यांनी मढून, मोठ्या दिमाखाने भेटीला येणार असे कळले, तेव्हा महाराजांनी दरबारात आपल्या कुत्र्याला जरीचा पोशाख चढविला, अंगावर जवाहीर घातले आणि आपली स्वतःची पगडी त्याच्या मस्तकी ठेविली. पुढे त्यांनी स्वतः पगडी म्हणून घातली नाही. डफ या साऱ्याची गणना राजाच्या लहरीत करतो.

आम्हांस ही निव्वळ लहर वाटत नाही. शाहू महाराजांचे बालपण आणि तारुण्य मोगलांच्या कैदेत गेले होते. 1689 साली रायगड पडला तेव्हा ते सात वर्षांचे होते आणि सुटले ते 1707 साली. अठरा वर्षे ज्याने छावणीतील मानपान आणि त्यामागचा भाव पाहिला, त्याला दागिन्यांचे मोल किती आणि इमानाचे किती, हे कोणी शिकवावयास नको होते. जहागीर ही त्या राज्यात सेवेचे मोल होती. प्राण वाचविणे ही सेवा असेल, तर सेवकाच्या पायांची संख्या मोजण्याचे कारण नाही, असा तो सरळ हिशेब दिसतो. 1749 साली महाराज वारले. कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर, माहुलीस, खंड्याची समाधी दाखवितात.

रायगडावरच्या वाघ्याची गोष्ट याहून निराळी आहे. शिवछत्रपतींच्या चितेत त्यांच्या कुत्र्याने उडी घेतली, ही कथा महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहे. गडकऱ्यांच्या 'राजसंन्यास' नाटकाने तिला विशेष उजाळा दिला. समाधीसमोर वाघ्याचा पुतळा 1936 साली उभा राहिला. परंतु समकालीन साधनांत या कुत्र्याचा आधार मिळत नाही, हा आक्षेपही खरा आहे. 2011 साली पुतळा काही जणांनी उखडला, तो थोड्याच दिवसांत पुन्हा बसविला गेला आणि 2025 साली तो हटविण्याची मागणी नव्याने झाली. या वादात आम्ही पडत नाही. पुराव्याचा प्रश्न पुराव्यानेच सुटावा. एवढे मात्र नमूद करतो की, ज्याचे अस्तित्व शाबीत नाही अशा कुत्र्यासाठी आपण मोर्चे काढतो आणि दारात उपाशी बसलेला, ज्याच्या अस्तित्वाबद्दल शंका नाही, तो कुत्रा आपल्या दृष्टीस पडत नाही.

आपल्या संतांची दृष्टी याबाबतीत निकोप होती. कुत्र्याने भाकरी पळविली, तेव्हा ती कोरडी खाऊ नये म्हणून तुपाची वाटी घेऊन नामदेव त्याच्यामागे धावले. रामेश्वरासाठी आणलेल्या कावडीतले गंगोदक एकनाथांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले. दोन्ही कथांत प्राण्याने आधी काही उपकार केलेला नाही. खंड्याने प्राण वाचविले म्हणून जहागीर मिळविली. नाथांच्या गाढवापाशी तहानेखेरीज कसलीच लायकी नव्हती. इमानाचे मोल देणे हा न्याय झाला. दया त्याच्या एक पायरी वर आहे.

ही दया व्यक्तीपुरती न राहता संस्थेच्या रूपाने उभी राहिली ती मुंबईत, आणि तिच्या आधी एक दंगा झाला. इंग्रजी अमलात मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम होता आणि मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस मिळे. बक्षिसाच्या लोभाने घरापाशी बसलेली कुत्रीही मारली जाऊ लागली. 1832 सालच्या जून महिन्यात पारशी लोकांनी कोट भागात शिपायांवर हल्ला केला, दुसऱ्या दिवशी हरताळ पडला आणि लष्कर बोलवावे लागले. पारशी धर्मात कुत्रा पवित्र मानला आहे, हे सरकारी कचेरीच्या ध्यानी आले नव्हते. दोनच वर्षांनी, 1834 साली, जमशेटजी जिजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांनी पुढाकार घेऊन भुलेश्वराजवळ पांजरपोळ स्थापन केली. 1874 साली प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी संस्था मुंबईत निघाली आणि पुढच्याच दशकात दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीने परळ येथे बाई साकरबाईंच्या नावाने जनावरांचे इस्पितळ उभे राहिले. ते इस्पितळ आजही चालू आहे.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो. कारकुनाला तो वगळणे जड जाते. राज्यसभेच्या सभासद रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी 1953 साली प्राण्यांच्या छळाविरुद्ध विधेयक मांडले. पंडित नेहरूंच्या आश्वासनावरून त्यांनी ते मागे घेतले आणि सरकारने 1960 साली स्वतःचा कायदा केला. त्याच्या अकराव्या कलमात, भूक किंवा तहान यांनी प्राण्याला यातना होतील अशा स्थितीत त्याला वाजवी कारणावाचून टाकून देणे, हा अपराध म्हटला आहे. पहिल्या अपराधाला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज सिविक सेंटरला दोन माणसांचा नाश्ता धड होत नाही. सजा नाममात्र आहे. पण कृत्याला अपराध हे नाव मिळाले आहे, हे विसरता येत नाही.

येथे कोणी म्हणेल की, परमुलखात नोकरी करणाऱ्याने काय करावे? नवीन गावी घर मिळत नाही, मिळाले तर घरमालक कुत्रा ठेवू देत नाही. ही अडचण खोटी नाही. परंतु कुत्रा आणताना या अडचणी ठाऊक असतात. बदली हा आपल्या नोकरीतील अपघात नव्हे, नियम आहे. रेल्वेत गार्डाच्या डब्यातून रीतसर पावती करून कुत्रा नेता येतो. तेही अशक्य असेल, तर जाण्यापूर्वी त्याला दुसरे घर पाहून देता येते. यांपैकी काहीच न करता दार ओढून घेणे, हे त्या बंजाऱ्याहून वाईट होय. बंजाऱ्याने रागात केले आणि नंतर चिठ्ठी तरी वाचली.

तो तांबूस कुत्रा गेल्या पावसाळ्यापासून आमच्या दारी आहे. पट्ट्याला दोन भोके नवीन पाडावी लागली होती. त्यांतले एक आता पुन्हा सोडले आहे. संध्याकाळी ठरल्या वेळी तो अजून कान टवकारतो आणि सिविक सेंटरच्या दिशेने पाहत राहतो. आम्ही त्याला तेथवर फिरवून आणतो. तो पावले हुंगतो आणि आमच्याबरोबर परततो. आमच्याही बदलीचा हुकूम केव्हातरी येईल. सामानाची यादी आम्ही आताच करून ठेवली आहे आणि तिच्यात पहिल्या क्रमांकावर लिहिले आहे: कुत्रा, नग एक.