कल्याणची कन्या आणि मातेचे आरोग्य

आपल्या मोहन्याच्या शेजारच्या कल्याणशी एका थोर स्त्रीचे नाव जोडलेले आहे. तेथील जोशी घराण्यात ३१ मार्च १८६५ रोजी यमुना नावाची मुलगी जन्मली. नवव्या वर्षी विवाह होऊन ती आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला; योग्य उपचाराअभावी तो दहा दिवसांतच गेला. त्या काळी स्त्रिया पुरुष डॉक्टरांस प्रकृती दाखविण्यास संकोचत आणि स्त्री डॉक्टर तर दुर्मिळच होत्या. ही उणीव दूर करण्यासाठी आनंदीबाई १८८३ साली अमेरिकेस गेल्या व १८८६ साली डॉक्टर झाल्या. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, क्षयाने त्यांचा अंत झाला.

हीच अडचण पडदानशीन मुस्लिम भगिनींनाही होती. शेख अब्दुल्ला व त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी १९०६ साली अलीगढला मुलींची शाळा काढली. त्यांची कन्या रशीद जहाँ पुढे दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात शिकून डॉक्टर झाल्या. आधी शाळा, मग डॉक्टर, हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे.

पण केवळ डॉक्टर असून भागते काय? २०१८-२० या काळातील सरकारी आकडेवारीनुसार दर लाख जिवंत जन्मांमागे केरळात १९, महाराष्ट्रात ३३, तर आसामात १९५ मातांचा मृत्यू झाला. देश एक, औषधे तीच; मग ही तफावत कशाने? केरळात मुलींच्या शिक्षणाची परंपरा जुनी, लग्ने उशिरा आणि दवाखाना जवळ. आसामच्या चहामळ्यांत मात्र मजूर स्त्रियांच्या वाट्यास तुटपुंजी मजुरी, रक्तक्षय आणि दूरचे रुग्णालय येते.

महाराष्ट्राचा आकडा बरा म्हणून आपण स्वस्थ बसू नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. मोहन्यातील एन.आर.सी. कारखाना २००९ साली बंद पडला. घरातला पगार थांबला की प्रथम कोणाच्या ताटातले दूध व डाळ कमी होते, हे पालकांस सांगावयास नको. सर्वांना वाढून उरेल ते आई खाते.

इल्म मिळविणे हे फर्ज मानणाऱ्या आपल्या समाजाने मुलीची शाळा अर्ध्यावर सोडवू नये, तिच्या लग्नाची घाई करू नये आणि तिच्या ताटाकडे लक्ष द्यावे. विद्यार्थी मित्रांनो, आज घरी जेवावयास बसाल तेव्हा आईलाही सोबत बसवा. आरोग्याची सुरुवात तेथूनच होते.