गळाचे शिसे आणि थेम्सचे राजहंस

गळ दूर फेकायचा तर वजन जड हवे. पण आमिष संथपणे खाली उतरायचे तर तेच वजन पाण्यात हलके व्हावयास हवे. आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सांगितलेल्या नियमात या पेचाची उकल आहे. २० ग्रॅम शिसे जेमतेम पावणेदोन घनसेंटिमीटर जागा व्यापते व झपाट्याने तळ गाठते. थोडे शिसे लाकडात बसवून २० ग्रॅमचाच, पण १९ घनसेंटिमीटरचा ठोकळा घडविला, तर गोड्या पाण्यात त्याचा भार अवघा १ ग्रॅम उरतो.

पण पाण्यात हरवलेले शिसे नाहीसे होत नाही. इंग्लंडात थेम्सकाठी सांडलेले शिशाचे बारीक मणी राजहंस अन्न दळण्याचे खडे समजून गिळीत आणि विषबाधेने मरत. अखेर १ जानेवारी १९८७ पासून तेथे गळासाठीच्या ०.०६ ते २८.३५ ग्रॅमच्या शिशाच्या वजनांची विक्री बंद झाली. पुढे राजहंसांची संख्या पुन्हा वाढली.

वरील हिशेबात महत्त्व एकूण वजनाला व आकारमानाला आहे, धातूला नाही. लाकडात लोखंडाचा तुकडा बसविला तरी काम साधते. मग आपण घरच्या चुलीवर शिसे का वितळवावे?