पाण्यातलं अॅल्युमिनियम हिरव्या शैवालांना उपाशी कसं ठेवतं?

पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे ८ टक्के अॅल्युमिनियम आहे. दुसरा कोणताही धातू एवढा नाही. तरीही तळ्यांच्या पाण्यात ते फारसं विरघळलेलं नसतं. पाण्याचा सामू, म्हणजेच पीएच, ६ ते ८ च्या दरम्यान असेल तर ते माती आणि खडकांतच अडकून राहतं. सामू साधारण ५.५ च्या खाली घसरला की मात्र ते विरघळू लागतं. नॉर्वे, स्वीडन आणि उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या अनेक तलावांमध्ये विसाव्या शतकात आम्लवर्षेमुळे हेच घडलं.

शैवालांवर काय परिणाम होतो?

हिरव्या शैवालांना वाढीसाठी फॉस्फरस लागतो आणि गोड्या पाण्यात बहुतेकदा त्याचीच टंचाई असते. अॅल्युमिनियम फॉस्फेटला घट्ट धरून ठेवतं. पाण्यात फॉस्फरस असूनही तो शैवालांच्या हाती लागत नाही.

अशा वेळी अनेक शैवालं फॉस्फेटेज नावाचं विकर वापरून सेंद्रिय पदार्थांतला फॉस्फरस सोडवून घेतात. अॅल्युमिनियम या कामातही अडथळा आणू शकतं.

दुसरा परिणाम पेशीवर थेट होतो. पेशीचा पृष्ठभाग ऋणभारित असतो. अॅल्युमिनियमच्या आयनावर तीन धनभार असल्याने तो तिथे चिकटतो आणि कॅल्शियम, मॅग्नेशियमच्या जागा अडवतो. मॅग्नेशियम तर हरितद्रव्याच्या रेणूच्या केंद्रस्थानी असतं.

सगळ्यांवर सारखाच परिणाम होतो का?

नाही. मोजिओशियासारखी धाग्यांसारखी वाढणारी काही हिरवी शैवालं आम्लधर्मी तलावांत उलट फोफावतात. पाणीही महत्त्वाचं ठरतं. कुजलेल्या पानांमुळे तपकिरी झालेल्या पाण्यात सेंद्रिय पदार्थ अॅल्युमिनियमला बांधून ठेवतात, त्यामुळे त्याचा विषारीपणा कमी होतो.

प्रयोगशाळेतही हीच अडचण येते. शैवाल वाढवण्याच्या द्रावणात फॉस्फेट असतंच. त्यामुळे वाढ खुंटली ती विषबाधेमुळे की उपासमारीमुळे, हे वेगळं करणं सोपं नसतं.

मग तलावात तुरटी का टाकतात?

कारण हाच गुणधर्म उपयोगीही पडतो. सांडपाणी आणि खतांमुळे तलावात फॉस्फरस वाढला की शैवालांचा थर पसरतो. तुरटीतलं अॅल्युमिनियम फॉस्फरसला बांधून तळाशी नेतं. अमेरिकेतल्या सिएटल शहरातील ग्रीन लेकमध्ये १९९१, २००४ आणि २०१६ साली असे उपचार झाले.

पण तुरटीने सामू खाली येतो. तो फार घसरला तर अॅल्युमिनियम विरघळलेल्या, घातक रूपात राहतं आणि माशांच्या कल्ल्यांना इजा करतं. म्हणून ग्रीन लेकमध्ये तुरटीबरोबर सोडियम अॅल्युमिनेटही वापरलं गेलं. ते सामू सावरून धरतं.

नितळ पाणी म्हणजे निरोगी पाणी?

तसं नेहमीच नसतं. आम्लधर्मी झालेले अनेक तलाव तळ दिसेल इतके नितळ होते. पण शैवालांवर सूक्ष्म प्राणी जगतात आणि त्यांच्यावर मासे. पहिल्याच पायरीवर अन्न तुटलं की त्याची झळ वरपर्यंत पोहोचते. त्यामुळे पाण्यात अॅल्युमिनियम एकूण किती आहे, एवढ्यावरून धोका कळत नाही. सामू किती आहे आणि ते कोणत्या रूपात आहे, हेही तपासावं लागतं.